पडदा उघडतो तेव्हा दारं किती?

छापील नाटकाचं पुस्तक हातात आलं की बहुतेक वाचक पहिला परिच्छेद गाळून थेट संवादांवर उडी मारतात. 'एका सुखवस्तू घरातला दिवाणखाना. डावीकडे आत जाणारं दार, उजवीकडे बाहेरचं दार, मागे खिडकी, कोपऱ्यात टेलिफोन' वगैरे. मला मात्र तेवढाच परिच्छेद आधी वाचायची खोड आहे. कारण साहित्यिक नाही. आमच्या गावच्या हौशी मंडळात मी वर्षानुवर्षं बॅकस्टेजला आहे, आणि बॅकस्टेजवाल्याला नाटक म्हणजे आधी फ्लॅट (सेटच्या कापडी भिंती) किती, लेव्हल (चौथरे) किती, दारं किती एवढंच दिसतं. शोकांतिकेचं एका दारात भागतं, कधी कधी दार नसलं तरी भागतं. काळा पडदा, एक लेव्हल आणि वरून एक स्पॉट दिला की माणूस दुःखी दिसायला लागतो. विनोदी नाटकाची संहिता आली की दिग्दर्शकाने तोंड उघडायच्या आत मी दारं मोजते. दोन असतील तर ठीक. चार असतील तर सुताराला आगाऊ सांगून ठेवावं लागतं. विनोदी नाटक अमुकच जागी का घडतं, याचं उत्तर मला आधी या दारांतच दिसतं.

रंगमंचावरचं दार हे मोठं लबाड प्रकरण. लाकडी चौकटीवर कापड ताणून, रंग मारून केलेल्या फ्लॅटमध्ये ते बसवलेलं असतं. मागून तिरका टेकू आणि टेकूवर वजन, एवढ्यावर ती सगळी 'भिंत' उभी. नायकाने खरंच दार आपटलं की अख्ख्या घराला कापरं भरतं, भिंतीवरचे आजोबा तसबिरीसकट झुलायला लागतात, आणि जिथे डोळे पुसायचे तिथे लोक खुसखुसतात. म्हणून फार्स असला की एक पोरगा कायम फ्लॅटमागे चौकट धरून उभा. त्याला दिसत काहीच नाही. नुसते संवाद ऐकून त्याने ओळखायचं की आता धाडकन येणार. नव्या नटाला आमच्याकडे पहिला धडा हाच देतात की बाबा रे, तू नुसता हात कर, आवाज आम्ही विंगेतून देतो.

बबन प्रभूंचे फार्स या चौकटींवर चालले. 'झोपी गेलेला जागा झाला' काय किंवा 'दिनूच्या सासूबाई राधाबाई' काय, आत्माराम भेंड्यांसारख्या दिग्दर्शकाने त्यात जे गणित मांडलं ते एंट्री-एक्झिटचं होतं. चुकीच्या माणसाने चुकीच्या वेळी आत यावं, आणि ज्याने केव्हाच निघून जायला हवं त्याला काही केल्या निघता येऊ नये. आत यायला मोकळी वाट, बाहेर पडायला अडचण. ही दोन्ही एका जागेत मिळाली की नाटककाराचं निम्मं काम झालं. नाटककार विनोदी नाटकासाठी अमुकच जागा का निवडतो, असा प्रश्न निघाला की लोक वातावरण, काळ, समाज असं काय काय बोलतात. ते सगळं खरं असेल, पण ते नंतर. आधी जागेला दारं हवीत आणि दारांना काही नियम हवेत.

ही सोय पूर्वी रस्ता पुरवायचा. इसवी सनापूर्वी दोनशेच्या आसपास रोममध्ये प्लाउटस नाटकं लिहीत होता. त्याची नाटकं घराबाहेर घडतात, बहुतेक वेळा रस्त्यात. मागे दोन-तीन घरांची दारं, पुढे रहदारी. रस्ता कुणाच्या बापाचा नसतो, त्यामुळे कुणीही केव्हाही येऊ शकतो आणि 'तू इथे कसा' असं कुणी विचारू शकत नाही. उलट विचारलंच तर खोटं बोलावं लागतं. तिथून गोष्ट सुरू होते.

आपल्याकडे याचं उत्तम उदाहरण नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचं. 'संशयकल्लोळ' आधी १८९३ मध्ये 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' या नावाने गद्यात आलं आणि १९१६ मध्ये पदांसकट संगीत झालं. मूळ गोष्ट फ्रेंच नाटककार मोलिएरची, १६६० मधली, पॅरिसच्या रस्त्यावर घडणारी. आर्थर मर्फी नावाच्या नाटककाराने ती १७६१ मध्ये इंग्रजीत नेली आणि तिथून देवलांकडे आली. एवढे देश हिंडली तरी मूळ प्रसंगातला रस्ता काही सुटला नाही. रेवती या परक्या तरुणीला भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो, आणि नेमकं तेवढंच त्याच्या बायकोच्या, कृत्तिकेच्या, दृष्टीस पडतं. रेवतीच्या हातातली तिच्या प्रियकराची तसबीर पडते, ती कृत्तिकेच्या हाती लागते, आणि नेमकी तेवढीच फाल्गुनरावाच्या दृष्टीस पडते. आता हाच प्रसंग घरात घालून बघा. रेवती घरात आली तर कुणीतरी आणली, कुणीतरी पाणी दिलं, दोन शब्द झाले, कृत्तिकेने 'कोण बाई तुम्ही' विचारलं आणि नाटक पाच मिनिटांत संपलं. संशयाला दिसणं लागतं, ऐकू येणं परवडत नाही. लांबून बघता येईल आणि बोलणं कानावर पडणार नाही असं अंतर देवलांना रस्त्यानेच दिलं.

नाटक कंपन्यांच्या काळात रस्त्याचं आणखी एक काम होतं, आणि ते आमच्या जातकुळीचं आहे. राजवाडा, उपवन, तुरुंग, रस्ता असे रंगवलेले पडदे कंपनीसोबत गावोगाव फिरायचे. आतला मोठा देखावा बदलायचा तर वेळ लागायचा. मग पुढे रस्त्याचा पडदा सोडायचा, त्याच्यासमोरच्या चिंचोळ्या पट्टीत दोन विनोदी पात्रं सोडायची, आणि त्यांच्या विनोदाच्या आवाजात मागे गडी सिंहासनं सरकवायचे. लोक हसताहेत तोवर ठोकाठोकी उरकून घ्या. नोकर-चाकर, भोळे गावकरी, भांडखोर नवरा-बायको यांचे प्रवेश रस्त्यातच का घडतात, याची मोठमोठी कारणं शोधणाऱ्यांनी हे गडी विसरू नयेत.

मग रस्ता घरात आला. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' केलं, तेव्हा रंगवलेल्या पडद्यांच्या जागी तीन भिंतींची खरीखुरी वाटणारी खोली रंगमंचावर आली. पुढच्या दशकात मो. ग. रांगणेकरांच्या नाट्यनिकेतनने ही खोली मराठी प्रेक्षकाच्या अंगवळणी पाडली, आणि ती गेली नव्वद वर्षं काही हललेली नाही. दिवाणखान्याच्या नाटकांना नाकं मुरडायची आपल्याकडे पद्धत आहे. मुरडा. पण नाक मुरडण्याआधी एकदा दादरला शिवाजी मंदिर नाट्यगृहाच्या मागच्या बाजूला उभं राहून बघा. एकाच रंगमंचावर सकाळी एक नाटक, दुपारी दुसरं, रात्री तिसरं. एकाचा सेट टेम्पोत चढतोय तोवर दुसऱ्याचा उतरतोय. रात्री प्रयोग संपला की तेच फ्लॅट बांधून मंडळी कोल्हापूर नाहीतर नाशिकच्या वाटेला. अशा धंद्यात नाटककाराने पहिल्या अंकात महाल, दुसऱ्यात समुद्रकिनारा आणि तिसऱ्यात रेल्वे स्टेशन लिहून आणलं तर निर्माता चहा पाजून त्याला वाटेला लावतो.

सक्तीने मिळालेली जागा असली तरी विनोदी नाटककारांनी दिवाणखान्याचा फायदा पुरेपूर उठवला. घरातली हीच एक खोली अशी, जिथे परका माणूस बसू शकतो. शेजारी साखर मागायला येतो, विमा एजंट येतो, भाडेकरू येतो, मुलगी बघायला येतात. आणि आतल्या दाराआड घरातलं खरं घर. त्या दारावर पडदा असतो, पडद्यामागून बांगड्या वाजतात, 'अहो, जरा आत येता का' अशी हाक येते, आणि यजमान पाहुण्याकडे बघून कसनुसं हसतो. ही खोली म्हणजे घरात आणलेला रस्ताच. मजा अशी की हे दिवाणखाने बघायला येणारे पुष्कळ प्रेक्षक स्वतः दोन खोल्यांच्या बिऱ्हाडातून यायचे. नाटकात मात्र जिना हवाच! तो जिना कुठे जातो ते आम्हाला विचारा. वर गेलेली नायिका मागच्या मचाणावर, स्टुलावर, अंधारात पुढची एंट्री येईपर्यंत मच्छर मारत बसलेली असते.

कधी कधी जागेचा नियमच सगळं नाटक लिहून देतो. अत्र्यांची 'मोरूची मावशी' १९४७ ची. तिचं मूळ ब्रँडन टॉमसच्या १८९२ मधल्या इंग्रजी फार्समध्ये, आणि तो सुरू होतो ऑक्सफर्डच्या कॉलेजात, मुलांच्या खोलीवर. त्या काळी भल्या घरच्या मुली अशा खोलीवर जेवायला येणार तर सोबत कुणी पोक्त बाई हवीच. बाई यायची होती, ती आली नाही, मग मित्रालाच लुगडं नेसवा. मुलींनी एकटं यायचं नाही हा नियम काढून टाका, मावशीची गरजच उरत नाही. अत्र्यांना इकडे आणताना हा नियम नव्याने शोधावा लागला नाही. तो प्रत्येक घरात होताच.

इथवर झाली दारांची गोष्ट. पण घर कुठल्या गावात आहे, हा प्रश्न राहिलाच. आणि विनोदी नाटकात गाव निवडताना नाटककार फार धूर्तपणे वागतात असं मला वाटतं.

प्लाउटसकडेच परत जाऊ. तो रोममध्ये लिहिणारा, प्रेक्षक रोमचे, भाषा लॅटिन, पण नाटकातलं गाव ग्रीसमधलं. गुलाम मालकाला टोपी घालतो, मुलगा बापाच्या पैशांवर चैन करतो, हे रोमन माणसाला बघायचं तर असायचं, पण आपल्या शहरात असलं काही चालतं हे कबूल करायचं नसायचं. ग्रीक लोक काय, ते तसलेच! प्लाउटसला हा कावा पक्का ठाऊक होता आणि तो बोलूनही दाखवायचा. जुळ्या भावांच्या त्याच्या 'मेनेख्मी' नाटकाच्या सुरुवातीला सांगितलं जातं की, हे कवी लोक विनोदी नाटकातलं सगळं अथेन्सला घडलं म्हणून ठोकून देतात, म्हणजे ते तुम्हाला जास्तच ग्रीक वाटावं. बावीसशे वर्षांपूर्वी हा माणूस आपल्या धंद्यातली मेख तिकीट न घेता सांगून मोकळा झाला होता.

तेच नाटक पुढे शेक्सपियरने उचललं, एका जुळ्या जोडीच्या दोन केल्या, आणि गाव बदललं. प्लाउटसचं एपिडॅम्नस काढून एफिसस घातलं. का? बायबलमध्ये एफिसस हे जादूटोण्याचं गाव म्हणून येतं. ख्रिस्ती संत पॉलच्या उपदेशानंतर तिथल्या लोकांनी मंत्रतंत्राच्या पोथ्या आणून जाळल्या अशी कथा आहे. लंडनच्या प्रेक्षकाने हे चर्चमध्ये ऐकलेलं. आता परक्या गावात उतरलेल्या माणसाला एक अनोळखी बाई 'जेवायला घरी चला' म्हणून ओढून नेते, सोनार न मागता हातात सोन्याची साखळी देतो. त्याला वाटतं, चेटूकच! खरं म्हणजे तो घराबाहेर पडलाय तोच हरवलेल्या जुळ्या भावाला शोधायला. 'लोक मला भाऊ तर समजत नाहीत ना' हा विचार कुणाच्याही डोक्यात पहिल्या पाच मिनिटांत यावा. त्याच्या येत नाही, आणि आपणही विचारत नाही, कारण गावाच्या नावाने आधीच शंकेची तोंडं बंद केलेली असतात. एक नाव बदलून एवढं काम करून घेणं याला मी कसब म्हणते.

त्याचाच समकालीन बेन जॉन्सन उलट्या दिशेने गेला. त्याचं 'एव्हरी मॅन इन हिज ह्यूमर' १५९८ मध्ये रंगमंचावर आलं तेव्हा ते फ्लॉरेन्समध्ये घडत होतं आणि पात्रांची नावं इटालियन होती. पुढे १६१६ मध्ये आपली नाटकं एकत्र छापताना त्याने तेच नाटक लंडनमध्ये आणलं, पात्रांना इंग्रजी नावं दिली, गल्ल्या आणि बाजार आपले घातले. मत्सरी नवरा, फुशारक्या मारणारा शिपाई, अर्धवट कवी, सगळे तेच. फक्त आता प्रेक्षक 'ते इटालियन' म्हणून हात झटकू शकत नव्हता. 'अल्केमिस्ट'च्या नांदीत तर तो सरळ म्हणतो की आमचं स्थळ लंडन आहे, कारण हसण्यासारखा माल आमच्या देशाइतका कुठेच पिकत नाही. लेखक बुजला की गाव दूर जातं, धीट झाला की जवळ येतं, असं म्हणायचा मोह होतो. पण प्लाउटसला बुजरा कोण म्हणेल? आणि मराठीतलं गावाच्या निवडीचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण या दोन्हींत बसत नाही.

ते म्हणजे 'तुझे आहे तुजपाशी' मधलं इंदूर. पु. लं.चं हे नाटक १९५७ मधलं. काकाजी देवासकरांच्या घरी आचार्य येऊन राहिले आहेत. काकाजी म्हणजे गाणं, शिकार, खाणं-पिणं, दरबारी गप्पा, आयुष्याचा मनमुराद स्वाद घेतलेला माणूस. आचार्य म्हणजे चरखा, सूत, मौन, त्याग. घरातली तरुण मंडळी श्याम आणि उषा, आणि आचार्यांची शिष्या गीता, या दोघांच्या मधे सापडलेली. विरोध ढोबळ आहे, असं कुणी म्हणेल. असेल. पण हे घर पुण्यात ठेवून बघा. सदाशिव पेठेतला काकाजी आपले शौक दाराला कडी लावून करेल, आणि आचार्य दारात आले की कपाटात लपवेल. मग ते फार्स होईल. मुंबईत ठेवा, काकाजी पैसेवाला शेट होईल आणि आपण त्याच्या विरोधात बसू. सातारा-कोल्हापुरात सरदार घराण्याचा रुबाब आला असता, पण काकाजींच्या बोलण्यातला तो ऐसपैस हिंदी घोळ आला नसता. दाजी भाटवडेकरांचे काकाजी ज्यांनी पाहिले ते अजून त्या बोलण्याची नक्कल करून दाखवतात. ते मराठी होळकरांच्या मुलखातलं. पंगतीत आग्रह मराठी, शिवी हिंदी, आणि दाद उर्दूकडे झुकलेली.

इंदुरात आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते तीच कळीची. १९४८ मध्ये होळकरांचं संस्थान मध्य भारतात विलीन झालं. १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य प्रदेश झाला आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेली मराठी माणसं हिंदी राज्याचे नागरिक झाली. नाटक आलं पुढच्याच वर्षी. म्हणजे काकाजींची रियासत गेलेली, ज्यांच्यासोबत शिकारी केल्या ते राजेलोक तनख्यावर आलेले. आणि समोरचे आचार्य? त्यांचंही तेच. तुरुंगवास झाला, स्वराज्य आलं, गांधीजी गेले. आता ज्या त्यागावर उभं आयुष्य रचलं त्याचं करायचं काय, हे त्यांना कळत नाही. एकाचा दरबार संपला आहे, दुसऱ्याचा लढा. दोघेही आपापल्या काळाच्या बाहेर उरलेले. अशा दोघांना एका घरात अडकवायला पु. लं.नी असं गाव शोधलं, जे नुकतंच स्वतःही नकाशाच्या वेगळ्या रकान्यात जाऊन पडलं होतं. त्यामुळे काकाजी श्रीमंत असूनही उन्मत्त वाटत नाहीत, आणि आचार्यांवर हसताना आपण गांधींवर हसतोय असं वाटत नाही. जे दोघे हरलेले आहेत त्यांच्यावर प्रेमाने हसता येतं.

पु. लं.नी हे सगळं बसून आखलं असेल असा माझा दावा नाही. त्यांचे जिवलग कुमार गंधर्व १९४८ पासून देवासला राहत होते, इंदुरापासून हाकेच्या अंतरावर. त्या माळव्यातल्या मैफलींतून, पाहुणचारातून काकाजी आपोआप उठून उभे राहिले असतील आणि आडनाव देवासकर झालं असेल, हे आपलं माझं तर्कट. लेखकाला जागा आधी सुचते, तिची कारणं आपण नंतर काढत बसतो. पण सुचलेली जागा तो बदलत नाही, तेव्हा ती कुठेतरी चपखल बसलेली असते.

चाळीचं याच्या अगदी उलट. तिला ना दूर जावं लागतं ना जवळ यावं लागतं. चाळ आणि विनोद हे समीकरण आपल्याकडे इतकं घट्ट आहे की गॅलरी, नळ आणि मधल्या मजल्यावरचं भांडण दिसलं की माणसं आधीच हसायला लागतात, त्यामुळे त्याबद्दल मी फार लिहीत नाही. सतीश आळेकरांनी मात्र १९७४ मध्ये 'महानिर्वाण' मध्ये चाळीचा असा उपयोग केला की नंतर चाळ पूर्वीसारखी राहिली नाही. भाऊराव मरतात आणि उठून कीर्तनाला उभे राहतात. त्यांना जुन्याच स्मशानात जाळून घ्यायचं आहे, आणि ते स्मशान तर बंद झालेलं. चाळीत मरण हे घरच्यांचं राहत नाही. शेजारी येतात, तिरडीचं बघतात, सल्ले देतात, आणि विधवेकडेही बघतात. ब्लॉकमध्ये राहणाऱ्या माणसाच्या मरणाचं असं सार्वजनिक नाटक करता आलं नसतं. तिथे दार बंद होतं. मेलेल्या माणसाला निघून जाता येत नाही, यापुढे बाहेर पडण्याची अडचण ती काय असणार?

मग १९८० मध्ये गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' आलं. कोकणातल्या एका खेड्यात गावकरी महाभारतातला खेळ करायला निघालेत. अंगावर राजाचा पोशाख, तोंडात मालवणी. मच्छिंद्र कांबळींचा तात्या सरपंच हजारो प्रयोगांत लोकांनी बघितला, लंडनपर्यंत जाऊन आला. या नाटकाने जागेचा प्रश्नच एका फटक्यात सोडवला: रंगमंच हेच स्थळ. समोर गाव बसलेलं असताना रंगमंचावर उभ्या राहिलेल्या माणसाला पळता येत नाही. संवाद विसरला तरी उभं राहायचं, मिशी निघाली तरी उभं राहायचं. आणि कोकणात दशावताराची सवय असल्यामुळे समोर बसलेल्या प्रत्येकाला कथा पाठ, म्हणजे चूक झाली की ती लगेच कळणार. मुंबईत लालबाग-परळला राहणाऱ्या चाकरमान्यांसाठी ते गाव एका रात्रीच्या यष्टीवर होतं. इतकं जवळ की प्रत्येक पात्रात कुणीतरी काका दिसावा, आणि इतकं लांब की त्या काकाला हसता यावं.

१९८३ मध्ये पुरुषोत्तम बेर्डेंच्या 'टूरटूर'ने सगळ्यांना सहलीच्या बसमध्ये घातलं. बसमधून उतरता येत नाही, शेजारी कोण बसणार ते आपल्या हातात नसतं, आणि सेट म्हणाल तर खुर्च्या. निर्मात्याच्या डोळ्यांत पाणी यावं अशी काटकसर.

त्यानंतर एकांकिका स्पर्धांत बंद जागांची साथच आली. स्पर्धेला गेलं की बंद पडलेली लिफ्ट मला हमखास भेटते. कल्पना कागदावर बिनतोड: लहान जागा, बाहेर पडता येत नाही, वेगवेगळ्या स्वभावाची माणसं. तरीही दहाव्या मिनिटाला प्रेक्षक घड्याळ बघायला लागतात. बरीच वर्षं ते का होतं ते मला सांगता येत नव्हतं. आता वाटतं की लिफ्टमधल्या माणसांना एकमेकांपासून लपवण्यासारखं काही नसतं. ती अनोळखी आहेत. फाल्गुनरावाला कृत्तिकेपासून लपवायचं आहे, आचार्यांना जगापासून, भाऊरावांच्या चाळकऱ्यांना एकमेकांपासून. नुसतं अडकून भागत नाही. ज्यांच्यासमोर उद्याही तोंड दाखवायचं आहे अशांबरोबर अडकावं लागतं. लिफ्टवाला लेखक मग काय करतो, प्रत्येकाला आळीपाळीने आपलं दुःख सांगायला लावतो, आणि विनोदी एकांकिका शेवटच्या पाच मिनिटांत रडायला लागते. परीक्षक बक्षीसही देतात, ते सोडा.

हल्लीच्या नाटककारांची कीव येते ती यासाठी की दिवाणखाना आता कामाचा राहिला नाही. न सांगता येतो कोण? खाली वॉचमन, वर कॅमेरा, हातात मोबाइल. गावाहून मामा थडकले ही एंट्री मेली. मामा आता आदल्या दिवशी लोकेशन मागतात. गैरसमज व्हायच्या आत व्हिडिओ कॉल करून दाखवता येतं की ती बाई कोण होती. म्हणून नव्या संहितांत पहिल्या पानावर फोनची बॅटरी संपते, रेंज जाते, किंवा फोन पाण्यात पडतो. पूर्वी आगंतुकाला आत घ्यायला दार लागायचं, आता फोन बाहेर काढायला जागा लागते.

अशी एक जागा मला सुचलेली आहे, आणि कुणी लिहिणार असेल तर आमचं मंडळ सेट फुकट लावून देईल. हौसिंग सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा. पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, रविवारी सकाळी. सगळ्यांची हप्त्याने घेतलेली घरं, त्यामुळे सोडून जाता येत नाही. सगळे एकमेकांना ओळखतात, उद्या जिन्यात भेटणार आहेत. प्रत्येकाचं काही ना काही लपलेलं: कुणी गॅलरी आत घेतली आहे, कुणी भाडेकरू न कळवता ठेवला आहे, चौथ्या मजल्याच्या बाथरूमचं पाणी तिसऱ्याच्या देवघरात ठिबकतंय. फोन असला तरी उपयोग नाही, कारण ज्याच्यापासून लपवायचं तो समोर बसला आहे. दारं दोन पुरतील, एक लिफ्टचं आणि एक फाटकाचं. फाटकाशी वॉचमनला उभा करा. सगळं खरं त्यालाच माहीत असतं, आणि त्याला बोलायची परवानगी नसते.